ओठांवरचे टोक

पत्र्याच्या बुटक्या डब्यात केस वर करून उभा असलेला, दांड्यावरचा लाल रंग उडालेला तो जुना ब्रश म्हणजे मी. माझ्या शेजारी रुंद, जाडजूड, मिशाळ ब्रश उभे आहेत. ते भिंती रंगवतात, दारे रंगवतात आणि दिवसभर दमतात. मी अंगाने अगदीच किडकिडीत. पण मित्रांनो, बाजारपेठेतून जाताना ज्या पाट्यांकडे तुमची मान आपोआप वर होते, त्यांच्या अक्षरांची शेवटची रेघ माझी असते. हे सांगताना माझी छाती जरा फुगते. म्हाताऱ्याची हौस म्हणून तेवढे चालवून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. खिडकीशी बसणाऱ्या एका बाईंनी खारीच्या शेपटीचे केस एकेक करून निवडले. त्यांची टोके त्यांनी कात्रीने कापली नाहीत, नुसती एका पातळीत आणली, कारण ब्रशचा सारा जीव केसांच्या मूळच्या टोकात असतो. मग मला पत्र्याच्या नळीत बसवले, दांडा ठोकला, पाण्यात बुडवले आणि खिडकीच्या काचेवर माझी पहिली ओली रेघ ओढून पाहिली. ती रेघ उजेडात क्षणभर चमकली आणि सुकून गेली. बाई स्वतःशीच हसल्या आणि पुढचा ब्रश हातात घेतला. पुढे ही काच मी साफ विसरून गेलो.

दुकानात मी चाळीस भावंडांसोबत उभा होतो. एके दिवशी एक उंच, सडपातळ गृहस्थ आले. त्यांनी आम्हाला सगळ्यांना एकेक करून पाण्यात बुडवले, झटकले आणि डोळ्यांसमोर धरले. दुकानदार वैतागून म्हणाला, "ब्रश घेताय की जावई शोधताय?" एवढ्या भावंडांतून त्यांनी मला उचलले आणि वरच्या खिशात पेनाच्या शेजारी ठेवले. हे होते पाट्या रंगवणारे रेघकाका. त्यांचे खरे नाव काहीतरी वेगळे असणार, पण हात न उचलता, श्वास न सोडता हातभर रेघ ओढणाऱ्या माणसाला लोक दुसरे काय म्हणणार?

काकांचे काम बघायला माणसे रस्त्यात थांबत. भाजी घेऊन निघालेल्या बायका पिशव्या खाली ठेवत. काका शिडीवर चढत, डाव्या हातात कापडाचा गोळा बांधलेली काठी धरत, तिच्यावर उजवे मनगट टेकवत आणि मला घेऊन अक्षराच्या डोक्यावरून खाली उतरत. गोल अक्षर ते दोन फटक्यांत पुरे करत. दोन रेघा जिथे भेटत, तिथला सांधा शोधून काढणाऱ्याला चहा पाजायची त्यांची पैज होती. बावीस वर्षांत त्या पैजेचा चहा कोणाला मिळाला नाही.

आता या कामातली आमची खास रीत सांगतो. रंगात बुडवले की माझे केस थोडे विस्कटतात. बारीक रेघेसाठी ते सुईसारखे एकत्र यावे लागतात. त्यासाठी काका मला ओठांत धरत आणि हलकेच बाहेर ओढत. त्यांचे गुरूही तसेच करायचे. गुरू पुढे घशाच्या दुखण्याने गेले, पण तो संबंध कोणी लावला नाही. उलट काका कौतुकाने सांगत, "डोळे बांधा माझे. चवीवरून रंग ओळखतो मी. पिवळा गोडसर, हिरवा कडवट." ऐकणारे माना डोलवत आणि मीसुद्धा डोलवत असे. त्यांच्या ओठांत माझे टोक होई, त्या टोकाला वाहवा मिळे आणि जगात आपल्यासारखे कोणी नाही असे मला वाटे.

त्या तोंडात मी एकटा मात्र नव्हतो. डाव्या गालात तंबाखूची चिमूट असे. उजवी बाजू माझी आणि डावी तिची. एका घराच्या दोन खोल्या वाटून घ्याव्यात तसे आम्ही राहत होतो. ती मला आवडत नसे, पण शेजारीण कशी असावी हे आपल्या हातात थोडेच असते!

काकांची आणखी एक गंमत होती. ते लिहीत ते वाचत नसत. त्यांना अक्षरे म्हणजे नुसते आकार दिसत. किती उंच, किती रुंद, मधली जागा किती, एवढेच ते बघत. शब्दाचा अर्थ हे गिऱ्हाइकाचे काम, असे त्यांचे स्वच्छ मत होते. एकदा चष्मेवाल्याने पाटीचा मजकूर एका चिठ्ठीवर लिहून दिला. त्याच चिठ्ठीच्या तळाशी त्याच्या बायकोने काहीतरी खरडले होते. काकांनी मन लावून सगळे रंगवले. दुसऱ्या दिवशी दुकानावर झळकले: "चष्म्यांचे दुकान. डोळे तपासून मिळतील. येताना दूध आणावे." तिसऱ्या ओळीची अक्षरे सर्वांत देखणी आली होती. चष्मेवाल्याने डोक्याला हात लावला, पण पाटी बदलली नाही, कारण ती बघायला येणारे लोक चष्मेही घेऊन जाऊ लागले.

घरी काकू होत्या. त्या शिवणकाम करत. काका भर उन्हात शिडीवर उभे असतात म्हणून त्यांनी छत्रीच्या कापडाची रुंद काठाची टोपी शिवून दिली होती. "मी त्यात मशरूमसारखा दिसतो," अशी काकांची तक्रार होती. "दिसा," एवढेच काकू म्हणाल्या होत्या. तंबाखूची डबीही त्यांनी कैक वेळा लपवली. पण लपवलेली वस्तू शोधण्यात काकांचा हात धरणारे कोणी नव्हते. आणि त्यांची एक लेक होती, छपाईच्या दुकानात नोकरी करणारी. खांद्यावरच्या पिशवीत तिची पट्टी कायम असायची, कारण वडिलांची अक्षरे मोजून त्यातली चूक काढायचा तिने विडा उचलला होता. काका तिला मोजपट्टीच म्हणत. सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्याकडे काम शिकायला येई. काका तिला रुंद ब्रश देत. मला हात लावू देत नसत.

अशी बावीस वर्षे गेली. मग ते भिंतीचे काम आले.

रस्त्याच्या वळणावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. वयाने तरुण, बोलायला मोकळ्या आणि चालायला भराभर, अशा या बाई. दवाखान्याच्या लांबलचक कुंपणभिंतीवर त्यांना मोठ्या अक्षरांत मजकूर लिहून हवा होता. कॅन्सरचा धोका कमी करायला रोजच्या रोज काय करता येते, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला उभ्या उभ्या वाचता यावे, अशी त्यांची इच्छा. काकांनी कागद घेतला, ओळी मोजल्या, भिंतीची लांबी मोजली आणि म्हणाले, "दोन दिवसांत करून देतो."

पहिली ओळ होती, "तंबाखू कोणत्याही रूपात नको." काकांनी ती पिवळ्या रंगात घेतली. डाव्या गालात चिमूट, ओठांच्या उजव्या कोपऱ्यात मी, आणि समोर हातभर उंचीचे "तंबाखू." मित्रांनो, मला वाचता येते. वर्षानुवर्षे अक्षरांच्या अंगाखांद्यावर खेळलेला मी, मला नाही येणार तर कोणाला? त्या दिवशी मला पहिल्यांदा अवघडल्यासारखे झाले. पण ब्रशला तोंड कुठे असते! दुसऱ्याच्या तोंडात जायचे तेवढे त्याला ठाऊक.

त्याखाली दारूपासून दूर राहण्याची ओळ आली. मग ताटात भाज्या, फळे, डाळी आणि कोंड्यासकटची धान्ये जास्त घेण्याची, रोज अर्धा तास तरी भरभर चालण्याची आणि वजन आटोक्यात ठेवण्याची. भर उन्हात टोपी घालण्याची ओळ काकूंनी डबा द्यायला आल्यावर वाचली आणि म्हणाल्या, "हे मी दहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. आणि तेही बिनपगारी." काका शिडीवरून नुसते हुं म्हणाले.

दुपारी डॉक्टरीणबाई स्वतः चहा घेऊन बाहेर आल्या. त्या काकांच्या हाताकडे बघत राहिल्या. मनापासून म्हणाल्या, "काका, असं काम मी मशीनचंसुद्धा बघितलं नाही." मग काकांनी चहाचा घोट घेतला. मान उजवीकडे कलती करून, अगदी जपून. डॉक्टरीणबाईंचे हसू थांबले.

"एकाच बाजूनं का पिताय?"

"सवय आहे."

"डावीकडं झोंबतं का?"

काकांनी कप खाली ठेवला. बाईंनी त्यांना तिथेच, भिंतीशी, आ करायला लावले. मोबाईलच्या उजेडात गालाच्या आत बघितले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आत पांढरा चट्टा आहे. किती दिवस झाले?"

"असेल वर्षभर. दुखत तर नाही."

"दुखत नाही हीच पंचाईत आहे. दुखत असतं तर तुम्ही केव्हाच आला असता. आणि तो ब्रश तुम्ही तोंडात घालता?"

"या ब्रशच्याही आधीपासून. तीस वर्षं झाली. टोक त्याशिवाय होत नाही."

"रंग पोटात जायची वस्तू नाही, काका. तुमच्या त्या पिवळ्यात शिसं असू शकतं, आणखी काय काय असू शकतं. आत चला, खुर्चीत बसा. त्यातला छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवू."

"काम संपलं की बसतो," काका म्हणाले.

आणि मग एक चमत्कार झाला. दोन दिवसांत भिंत पुरी करणाऱ्या माणसाचे काम संपेनासे झाले. काकांनी अक्षरांना काळी किनार दिली. किनारीला पांढरी किनार दिली. मग सावली दिली. टिंबांनाही सावली दिली. ये-जा करणारे म्हणत, "काय जीव ओतलाय!" मला मात्र खरे कळत होते, कारण मी त्यांच्या बोटांत होतो आणि ती बोटे गार पडली होती. भिंत संपली की खुर्ची होती. शिडीवर कधी न घाबरलेला हा माणूस त्या खुर्चीला घाबरला होता. रोज संध्याकाळी डॉक्टरीणबाई दारात येऊन विचारत, "झालं का काम?" आणि काका म्हणत, "थोडं राहिलंय."

नवव्या दिवशी सुट्टी होती. मोजपट्टी मदतीला आली. अगदी तळाशी दवाखान्याची वेळ लिहायची राहिली होती. लहान अक्षरे, बसून करायचे काम. काकांचे गुडघे शिडीने धरले होते. त्यांनी जरा विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्या हातात दिले. "घे. सांभाळून," असे म्हणून ते पाणी प्यायला वळले.

तिचा हात अगदी त्यांच्यासारखा होता, हलका आणि ठाम. मला आनंद झाला. तिने मला पिवळ्या रंगात बुडवले, डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी निपटले. माझे केस थोडे विस्कटले. आणि मग, कोणी शिकवले नसताना, तिने ओठांचा तोच चंबू केला, मान तशीच किंचित तिरकी केली आणि मला तोंडाकडे नेले.

मित्रांनो, तिच्या ओठांपासून मी बोटभर अंतरावर होतो. ते बोटभर अंतर मी अजून विसरलेलो नाही.

"थांब!"

काकांनी तिचे मनगट पकडले होते. तिच्या बाहीवर पिवळा ओरखडा उमटला. तांब्या आडवा होऊन पाणी रस्त्यावर वाहत गेले.

"काय झालं, बाबा? तुम्हीच तर असं करता."

काकांनी मनगट सोडले आणि मान वर केली. समोर त्यांचीच भिंत होती. ते वाचू लागले. पहिलीतल्या मुलासारखे, ओठ हलवत, एकेक शब्द. तंबाखूची ओळ वाचली. दारूची, भाज्यांची, चालण्याची, टोपीची वाचली. मुलामुलींना काही कॅन्सर टाळणारी लस वेळेवर देण्याची आणि बायकांनी ठरलेल्या तपासण्या न टाळण्याची ओळ वाचली. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले. तिथे त्यांच्याच देखण्या अक्षरात, दुहेरी किनार आणि सावलीसकट लिहिलेले होते: "तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर लगेच दाखवा."

त्यांनी गालातली चिमूट काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली, खळखळून चूळ भरली, हात पुसले. "तू काम पुरं कर," ते लेकीला म्हणाले. "पण ब्रश तोंडात नाही. रेघ जाड आली तरी चालेल." एवढे बोलून ते दवाखान्याच्या दारातून आत गेले.

तपासणीचा निकाल यायला आठ दिवस लागले. काकू मशीनवर बसत आणि एकच शिवण तीनदा उसवत. मला काय वाटत होते ते सांगतो. मला अपराध्यासारखे वाटत होते. ज्या टोकाचा मी इतका तोरा मिरवला, ते कुठे तयार होत होते आणि जाताना काय ठेवून जात होते, याचा मी कधी विचार केला नव्हता.

निकाल आला. काका आणि काकू खुर्च्यांवर बसलेले, लेक मागे उभी, आणि मी काकांच्या खिशात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा कॅन्सर नाही. पण त्या वाटेला लागलेला चट्टा आहे. मी तुम्हाला मोठ्या डॉक्टरांकडं पाठवते, ते तो काढून टाकतील. तंबाखू आजपासून कायमची बंद. आणि बरं वाटलं म्हणून यायचं थांबवायचं नाही. मी बोलवीन तेव्हा आ करायला यायचं." काकूंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच विचारले, "आणि आजपासून म्हणजे आता किती वाजल्यापासून?" सगळे हसले. काकांनी खिशातून डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

सांगायला हे दोन ओळींचे झाले. करायला वर्ष लागले. चट्टा काढल्यानंतर गाल भरून आला, पण हाताचे काय? तंबाखू सुटल्यावर काकांची बोटे थरथरत, झोप उडे, चिडचिड होई. रंगाच्या डब्यांमागे सापडलेली एक जुनी डबी ते एकदा बराच वेळ हातात धरून बसले होते. उघडली, वास घेतला. मग त्यांनी ती दारातल्या कचऱ्यात रिकामी केली, घासून धुतली आणि तिच्यात आखणीसाठी लागणारी खडूची पूड भरली. या माणसाचे मी शिडीवर पुष्कळ कौतुक ऐकले आहे. त्या दिवशी तिथे कौतुक करायला कोणी नव्हते, म्हणून मी आज तुमच्यासमोर करतो आहे.

आणि मी? मला त्यांनी दूर ठेवले. राग नव्हता, भीती होती. मी हातात आलो की मान आपोआप तिरकी व्हायची. म्हणून त्यांनी मला फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर टाकले. सात महिने मी तिथे पडून होतो. केसांत रंग सुकला, दांड्याचा लाल रंग पोपडे धरून गळू लागला. मला वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. पण त्या अंधारात मला एक गोष्ट उमगली. सवय काही त्यांना एकट्यांना नव्हती. मलाही होती.

मला बाहेर काढले मोजपट्टीने. तिने मला टर्पेंटाइनमध्ये भिजवले, साबणाने हलक्या हाताने धुतले, केसांना तेल लावले. मग तिने एक जुनी काच पुसून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, इथं करून बघा. काचेवर झोपवून, फिरवत ओढा." काकांनी मला काचेवर टेकवले. गार, गुळगुळीत स्पर्श झाला आणि मला ती कारखान्यातली खिडकी आठवली, त्या बाई आठवल्या. माझे पहिले टोक ओठांवर झालेच नव्हते. ते काचेवर झाले होते.

पण आठवण आली म्हणून लगेच जमले नाही हो! पहिल्या दिवशी मी झाडूसारखा विस्कटलो. दुसऱ्या दिवशी एक केस बाजूला निघून स्वतंत्र रेघ ओढू लागला. काकांनी रद्दीच्या पुठ्ठ्यांवर रोज शंभर रेघा ओढल्या. मोजपट्टी त्या मोजायची आणि निर्दयपणे शेरे द्यायची. महिनाभरात साठ चांगल्या आल्या, दोन महिन्यांत नव्वद. आजही शंभरातल्या दोन-तीन जाड येतात, आणि काकांनी चहाची पैज मागे घेतली आहे. ते दर ठरलेल्या दिवशी त्या खुर्चीत जाऊन आ करतात. काकूंबरोबर रोज बाजाराला वळसा घालून चालतात, टोपी घालून. आणि हो, पाटी रंगवण्याआधी मजकूर मोठ्याने वाचतात. गिऱ्हाइके कंटाळतात, पण दूध आणायचे काम आता कोणाला लागत नाही.

मित्रांनो, मी ब्रश आहे, डॉक्टर नाही. मला एवढेच सांगायचे आहे की आपल्या तोंडात, ताटात आणि हातात रोज काय जाते ते एकदा थांबून बघा. आपल्या घरातला मोठा माणूस काहीतरी न दुखणारे लपवत असेल तर त्याला हाताला धरून घेऊन जा. आणि तुम्ही मोठे असाल तर एवढे ध्यानात ठेवा, की तुम्ही न शिकवलेलेही कोणीतरी शिकत असते.

आता शेवटचे. परवा मोजपट्टीने नोकरी सोडून वडिलांबरोबर काम सुरू केले. त्या दिवशी काकांनी आपल्या कामाच्या खोलीतल्या भिंतीवर, टेबलावरच्या काचेच्या बरोबर वर, एक ओळ लिहायला घेतली. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे शब्द रंगवले. हे शब्द त्यांचे स्वतःचे होते, पहिलेच. "ब्रशचे टोक काचेवर करावे. ओठांवर नाही." ओळ पुरी झाली आणि मोजपट्टी पट्टी घेऊन पुढे आली.

"बाबा, तिसऱ्या अक्षराची रेघ जाड झालीय. दोऱ्याच्या जाडीइतकी तरी. पुसून परत करा."

काका दोन पावले मागे सरकले आणि ओळ मोठ्याने वाचली. मग त्यांनी मला धुवायला घेतले.

"वाचता येतंय ना?" ते म्हणाले. "मग राहू दे."